त्या विश्वात विनय नव्हता



“दुसऱ्या एखाद्या युनिव्हर्समध्ये मला ९५ टक्के पडले असतील,” हे वाक्य तुमच्या घरात ऐकू आलंय का? किंवा “त्या युनिव्हर्समध्ये बाबांची बदलीच झाली नसेल,” असं काहीतरी? मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या काही वर्षांत ही ‘मल्टिव्हर्स’ची भाषा मुलांच्या तोंडी इतकी बसली आहे की आम्हा शिक्षकांना तिचं नवल राहिलेलं नाही. घरी मात्र या बोलण्याचं काय करायचं हे अनेकांना कळत नाही. कुणी म्हणतं, सिनेमे बघून डोक्यात खूळ शिरलंय. कुणी हसून सोडून देतं. एका पालकसभेनंतर एक वडील थांबून राहिले आणि त्यांनी काळजीनं विचारलं, “मॅडम, हे खरं असतं का हो? त्याला काय सांगू मी?”

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याला भौतिकशास्त्राकडे अर्धंमुर्धं उत्तर आहे. दुसऱ्याचं उत्तर आपल्या आईबापपणात शोधावं लागतं, आणि मला तुमच्याशी मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे. पण पहिला प्रश्न टाळून दुसऱ्याकडे जाता येणार नाही. मुलांना लगेच कळतं, आपल्याला ठाऊक नसलं की आपण उपदेशावर येतो.

मुलांना ही कल्पना सिनेमातून मिळाली आहे, हे उघड आहे. २०२३ साली आलेला ‘स्पायडर-मॅन : अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आपल्याकडे मराठीतही डब झाला होता. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून केलेलं ‘मुंबॅटन’ आहे आणि पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आहे. त्यातला मूळ नायक माइल्स हा शाळकरी मुलगा. त्याला सांगितलं जातं की तुझे वडील मरणार हे ठरलेलं आहे, प्रत्येक विश्वातल्या स्पायडर-मॅनच्या वाट्याला असं काही येतंच, तू मध्ये पडलास तर सगळं विश्व कोसळेल. माइल्स ते मानत नाही. बापाला वाचवायला निघतो. मुलं हा सिनेमा पुन्हा पुन्हा का बघतात हे मला ही गोष्ट समजल्यावर उलगडलं. “असं असतं, तू गप्प बस,” असं मोठ्यांनी सांगितल्यावर न ऐकणारा मुलगा त्यांना हवाच असतो, आणि तो इथे आईवडिलांच्या प्रेमापोटी ऐकत नाही. तुम्ही हा सिनेमा पाहिला नसेल तर मुलाशेजारी बसून एकदा पाहा.

आता विज्ञान. अणूंच्या जगाचे नियम आपल्या रोजच्या जगासारखे नाहीत, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्षात आलं. किरणोत्सारी पदार्थाचा एक अणू घ्या. पुढच्या मिनिटात तो फुटेल की नाही हे कुणीही सांगू शकत नाही, फक्त शक्यता किती तेवढं सांगता येतं. गणित तर त्याहून विचित्र आहे. आपण बघेपर्यंत तो अणू फुटलेला आणि न फुटलेला, अशा दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात असतो, असं ते मांडतं. बघितल्यावर मात्र एकच अवस्था दिसते. मग दुसरी गेली कुठे? बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ म्हणत, बघण्याच्या क्रियेनं ती नाहीशी होते.

ह्यू एव्हरेट नावाच्या तरुणानं १९५७ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन व्हीलर यांच्या हाताखाली केलेल्या प्रबंधात वेगळंच मांडलं. काहीच नाहीसं होत नाही, असं त्याचं म्हणणं. दोन्ही गोष्टी घडतात आणि बघणाराही दुभंगतो. एका फांदीतल्या बघणाऱ्याला फुटलेला अणू दिसतो, दुसऱ्या फांदीतल्याला न फुटलेला. १९५९ मध्ये एव्हरेट कोपनहेगनला जाऊन ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांना भेटला, पण तिथे त्याच्या विचाराला थारा मिळाला नाही. तोवर तो विद्यापीठ सोडून पेंटागॉनसाठी शस्त्रास्त्रांच्या अभ्यासात शिरलाही होता. पुढे १९७० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डिविट यांनी त्याची कल्पना पुन्हा पुढे आणली आणि ‘अनेक विश्वं’ हा शब्द सगळीकडे झाला.

इथे मुलांचा एक मोठा गैरसमज होतो आणि तो तुम्ही घरी दूर करू शकता. आपण प्रत्येक निर्णय घेतला की नवं विश्व फुटतं, असं सिनेमे दाखवतात. पोहे खायचे की उपमा, सायन्स घ्यायचं की कॉमर्स, प्रत्येक वळणावर एक नवं जग. एव्हरेटच्या सिद्धांतात असं नाही. तिथे फांद्या फुटतात त्या अणूंच्या पातळीवरच्या घटनांनी. माणसाचा निर्णय म्हणजे त्याच्या सवयी, भीती, आवड, आदल्या रात्रीची झोप या सगळ्याचा परिणाम. तुम्ही शंभरदा विचार करून सायन्स घेतलं असेल, तर बहुतेक फांद्यांत सायन्सच घेतलं असेल. हे ऐकून वर्गात मुलं आधी हिरमुसतात, मग विचारात पडतात. ‘युनिव्हर्स स्प्लिटर’ नावाचं एक मोबाइल अॅप आहे. त्यात दोन पर्याय लिहिले की ते जिनिव्हातल्या एका उपकरणाला संदेश पाठवतं. तिथे प्रकाशाचा एक कण अर्धपारदर्शक आरशावर सोडला जातो, आणि तो आरपार गेला की परतला त्यावरून तुम्हाला पर्याय सुचवला जातो. एव्हरेट बरोबर असेल तर त्या क्षणी फांद्या खरोखर फुटल्या. मुलांना हे भारी आवडतं. मीही ते आवर्जून सांगते, कारण निर्णय आपण घेणं आणि निर्णय कणावर सोपवणं यातला फरक त्यातून एका मिनिटात कळतो.

आणि दुसरं. या फांद्यांमध्ये ये-जा नसते. एकदा वेगळ्या झाल्या की एकीतून दुसरीत माणूस जात नाही, निरोप जात नाही, हाकही जात नाही. सिनेमातली दारं लेखकांनी लावलेली आहेत. भौतिकशास्त्रात ती नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मला ती लागणार आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलनं ‘विलो’ नावाची १०५ क्युबिटची क्वांटम चिप, म्हणजे अणूंच्या याच नियमांवर गणन करणारी चिप, जाहीर केली, तेव्हाही मुलं धावत आली होती. सर्वांत वेगवान महासंगणकाला १० चा २५ वा घात इतकी वर्षं लागतील असं एक गणन तिनं पाच मिनिटांच्या आत केलं, असा कंपनीचा दावा. तिथले क्वांटम विभागाचे प्रमुख हार्टमुट नेव्हन यांनी लिहिलं की यातून समांतर विश्वांच्या कल्पनेला बळ मिळतं. या विचाराचं मूळ डेव्हिड डॉइच यांच्याकडे जातं. १९८५ साली सार्वत्रिक क्वांटम संगणकाचं गणित मांडणारे डॉइच एव्हरेटचे ठाम पाठीराखे. पण अनेक भौतिकशास्त्रज्ञांनी लगेच हरकत घेतली, आणि मला त्यांचं पटतं. चिप चालते ती क्वांटम गणितावर. त्या गणिताचा अर्थ ‘अनेक विश्वं’ असा लावा किंवा दुसरा कुठला लावा, उत्तर तेच येतं. चिप चालली म्हणून विश्वं सिद्ध झाली नाहीत. खगोलशास्त्रातही अशीच स्थिती आहे. विश्वाच्या आरंभी झालेला प्रचंड फुगवटा काही ठिकाणी अजून चालू असेल तर आपल्यासारखे असंख्य बुडबुडे असावेत, असं आंद्रेई लिंदे यांच्यासारखे शास्त्रज्ञ मांडतात. शेजारच्या बुडबुड्याची आपल्याला धडक बसली असेल तर तिचा ठसा आकाशातल्या सर्वांत जुन्या प्रकाशात उमटला असेल, म्हणून तो शोधलाही गेला. ठोस काही हाती आलं नाही. तेव्हा त्या वडिलांना मी सांगितलं ते असं : शास्त्रज्ञ गंभीरपणे विचार करतात अशी ही कल्पना आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, हे मुलाला असंच्या असं सांगा.

घरात आजीआजोबा असतील तर ते म्हणतील, यात नवं काय, आपण तर ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ म्हणतच आलो. आजीला गप्प करू नका. योगवासिष्ठात लीला राणीची कथा आहे, तिला आपल्याच घरातल्या छोट्याशा जागेत दुसरं विश्व दिसतं आणि त्यात तिसरं. ती कथा आजीकडून ऐकायला मिळाली तर मुलाचं भाग्य. फक्त “हे सगळं आपल्याकडे आधीच शोधलं होतं,” असं तुम्ही पुढे जोडू नका. ऋषींना सांगायचं होतं ते मनाबद्दल आणि मायेबद्दल, एव्हरेटला सोडवायचं होतं ते एक समीकरण. दोन्ही आपापल्या जागी मोठी आहेत, आणि मुलाला दोन्ही हवीत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

एव्हरेट जुलै १९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या आपल्या घरी हृदयविकारानं गेला. वय ५१. सकाळी तो सापडला त्याच्या १९ वर्षांच्या मुलाला, मार्कला. वडिलांना हलवून बघताना मार्कच्या लक्षात आलं की याआधी आपण यांना कधी स्पर्श केल्याचं आपल्याला आठवतच नाही. हे त्यानंच पुढे सांगितलं आहे. वडील घरात असत, पण बोलत जवळजवळ नसत. मार्क संगीतकार झाला, ‘ईल्स’ हा त्याचा बँड जगभर ओळखला जातो. २००७ मध्ये बीबीसीच्या माहितीपटासाठी तो वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांना आणि भौतिकशास्त्रज्ञांना भेटत फिरला, वडिलांनी काय शोधलं होतं ते समजून घ्यायला. चाळिशी ओलांडलेला मुलगा, आणि वडिलांची ओळख करून देत होते परके लोक.

मी एव्हरेटला दोष देत नाही. त्याच्या मनात काय होतं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याच्या बुद्धीबद्दल मला फार आदर आहे. पण असंख्य विश्वांचा विचार करणारा बाप शेजारच्या खोलीतल्या मुलापर्यंत पोचला नाही, हे वाचल्यापासून मी स्वस्थ नाही. आपण पेंटागॉनमध्ये नसतो, पण आपल्यालाही दुसऱ्या विश्वात राहायची सवय असतेच.

तिचं नाव ‘जर-तर’. मी तेव्हा मेडिकलला गेले असते तर. वडिलांनी गाणं शिकू दिलं असतं तर. ती नोकरी सोडली नसती तर. अमेरिकेची संधी आली होती, आईच्या आजारपणात राहून गेली. ही प्रत्येकाच्या आयुष्यातली खरी, दुखरी जागा आहे आणि तिच्याबद्दल मी हलकेपणानं बोलणार नाही. पण ती न घेतलेली वाट आपण मुलाच्या पायाखाली घालतो तेव्हा काय होतं ते मी वर्गात रोज बघते. गणिताचं पुस्तक समोर उघडून खिडकीबाहेर बघणारी मुलं. चित्रकलेची वही दप्तराच्या तळाशी लपवणारी मुलं. यातल्या एकीला मी विचारलं, तुला काय व्हायचंय? ती म्हणाली, “बाबांना डॉक्टर व्हायचंय.” चुकून बोलली असं मला आधी वाटलं. ती चुकून बोलली नव्हती.

मघाशी सांगितलं ना, फांद्यांमध्ये ये-जा नसते? एव्हरेटचं गणित खरं असलं तरी तुमचं ते दुसरं आयुष्य तुम्हाला जगता येणार नाही. तुमच्या मुलालाही नाही. तो तुमच्या या आयुष्यात जन्मला आहे, याच लग्नातून, याच बदल्यांतून, याच राहून गेलेल्या गोष्टींतून.

हे मला सर्वांत आधी समजलं ते जयंत नारळीकरांच्या एका कथेतून. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा मी ती पुन्हा वाचली : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिचं इंग्रजी रूप ‘द अॅडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात आहे, तेव्हा तुमच्यापैकी काहींच्या घरी ती आत्ताही शेल्फावर असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात पोचतात जिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे पानिपत जिंकले आहेत. आपल्या इतिहासात विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाजवळून निघून जाते, आणि तेवढ्यावरून सगळा हिंदुस्थान वेगळा घडतो. मराठी वाचकाला अंगावर काटा आणणारी कल्पना आहे ही. पानिपत आपण जिंकलेलं बघायला कुणाला आवडणार नाही!

पण त्या कथेतला एक छोटा प्रसंग पालक म्हणून मला कायमचा लागला. गंगाधरपंत त्या जगातल्या मुंबईत उतरतात आणि आपला मुलगा विनय जिथे नोकरीला असायला हवा त्या कचेरीत जातात. चौकशीच्या टेबलावरची मुलगी यादी बघते, दुसऱ्या शाखांची नावं चाळते. विनय गायतोंडे नावाचं कुणी नाही. तेव्हा पंतांच्या मनात येतं, या जगात तो जन्मलाच नसेल तर? सव्वादोनशे वर्षांपूर्वीची एक गोळी इकडची तिकडे झाली तर कोण कुणाला भेटलं असतं, कुणाचं लग्न कुणाशी झालं असतं? पानिपत जिंकलेलं जग मिळालं, त्या जगात मुलगा नाही. नारळीकरांनी हा प्रसंग दोन-चार ओळींत संपवलाय, त्यावर भाष्य केलेलं नाही. मी मात्र प्रत्येक वेळी तिथे थांबते. तुमच्या मनातलं ते दुसरं आयुष्य घ्या, मेडिकलचं, गाण्याचं, अमेरिकेचं. त्यात हेच मूल आहे का, ते प्रामाणिकपणे बघा.

‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स’ या २०२२ च्या सिनेमाचा गाभाही हाच आहे. २०२३ च्या सोहळ्यात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह सात ऑस्कर मिळाली. अमेरिकेत लाँड्री चालवणारी, थकलेली, कर भरण्याच्या कागदांत बुडालेली चिनी आई, एव्हलिन. तिला इतर विश्वांतल्या एव्हलिन दिसतात, एकीत तर ती प्रसिद्ध नटी आहे. आणि तिची मुलगी जॉय, जिचं मन आईनं कधी ऐकलंच नाही, सगळी विश्वं बघून इतकी रिकामी झाली आहे की तिला कशातच अर्थ वाटत नाही. एव्हलिन शेवटी नटीचं आयुष्य सोडून या लाँड्रीत, या मुलीजवळ राहणं पत्करते. सिनेमा मोठ्यांचा आहे, आधी तुम्ही एकटे बघा. मला त्यातला गोंधळ थोडा जास्त वाटला, पण त्या दोघींमधलं शेवटचं बोलणं बघताना मी रडले.

जॉयमुळे एक गंभीर गोष्ट सांगते. मूल हसत हसत “दुसऱ्या युनिव्हर्समध्ये मी टॉपर असेन,” म्हणालं तर त्याच्याबरोबर हसा, आणि तो टॉपर काय करत असेल ते विचारा. पुष्कळदा त्यातून या विश्वातली खरी अडचण बाहेर येते. पण “या युनिव्हर्समध्ये मी नसतोच तर बरं झालं असतं,” असं वाक्य आलं, किंवा निकालानंतर मूल गप्प-गप्प राहू लागलं, जेवणखाण तुटलं, आवडत्या गोष्टींवरून मन उडालं, तर त्याला कल्पनाशक्ती समजू नका. जवळ बसा, सरळ विचारा, तुला जगू नये असं वाटतंय का? विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत, मुलाला बोलायला वाट मिळते. समुपदेशकाकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते. मार्कांचं पुढे बघता येईल.

नारळीकरांच्या लहानपणाची एक हकीकत मला पालकांना नेहमी सांगावीशी वाटते. बनारसच्या त्यांच्या घरात फळे होते. घरी राहायला असलेले मोरूमामा, म्हणजे गणिती मोरेश्वर हुजूरबाजार, त्यातल्या एका फळ्यावर भाच्यासाठी एखादं अवघड गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. मुलाला शिकवायचं म्हणजे समोर बसवून बोलायलाच हवं असं नाही, एक चांगला प्रश्न त्याच्या वाटेवर ठेवता येतो.

म्हणून एक प्रश्न तुमच्या हाती देते. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घरात सगळ्यांनी वाचा, शेवटापर्यंत. शेवटी राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र पंतांना झाल्या प्रकाराचा खुलासा करतो. इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे सांगता येत नाही, इथून तो सुरुवात करतो आणि तिथून विश्वासरावांच्या गोळीपर्यंत येतो. मुलाला विचारा : गोळी म्हणजे काही इलेक्ट्रॉन नव्हे, मग हे कसं चालेल? माझ्या वर्गात यावर नेहमी दोन तट पडतात. एक तट म्हणतो, नारळीकर इथे कथाकार झाले, शास्त्रज्ञ राहिले नाहीत. दुसरा म्हणतो, बंदूक रोखणाऱ्याचा हात किंचित हलला तो मेंदूतल्या एखाद्या पेशीमुळे, आणि त्या पेशीत कुठेतरी एकच कण इकडे की तिकडे असा असू शकतो. या दुसऱ्या तटाला मी विचारते, किती कणांनी मिळून तो हात हलला असेल? मग कागद-पेन बाहेर येतं.